वार्षिक बेरोजगारी दर (भारत)

काम करण्यास तयार असलेल्या, कामाच्या शोधात असलेल्या, परंतु काम न मिळालेल्या व्यक्तींचे देशाच्या श्रमशक्तीशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे बेरोजगारी दर होय. श्रमशक्तीत काम करणारे आणि काम शोधणारे एवढेच येतात. विद्यार्थी, निवृत्त, केवळ घर सांभाळणाऱ्या स्त्रिया आणि काम मिळण्याची आशाच सोडलेले लोक तिच्याबाहेर राहतात. दराविषयीचे बहुतेक गैरसमज या छेदाकडे, म्हणजे श्रमशक्तीच्या संख्येकडे, दुर्लक्ष झाल्याने होतात. १०० प्रौढांपैकी ६० जण श्रमशक्तीत असून त्यांतील ३ बेरोजगार असतील, तर दर ५ टक्के येतो. त्या तिघांपैकी दोघांनी शोध थांबवला, तर कोणालाही नवे काम न मिळता तो १.७ टक्क्यांवर उतरतो.

ज्या देशात बहुतेक लोक पगारी नोकरीत असतात, तेथे नोकरी आहे की नाही हे सहज सांगता येते. भारतात शेती, घरचा धंदा आणि हंगामी मजुरी यांची सरमिसळ असल्याने बेरोजगारीचा एकच आकडा देणे दिशाभूल करणारे ठरते, असे मुंबई विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीने १९७० च्या अहवालात दाखवून दिले. त्यानंतर १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीत तीन मोजमापे रूढ झाली. पहिल्यात मागील ३६५ दिवसांतील सर्वसाधारण स्थिती पाहिली जाते, दुसऱ्यात मागील सात दिवसांची आणि तिसऱ्यात त्या आठवड्यातील प्रत्येक दिवसाची. वर्षाचा म्हणून वर्तमानपत्रांत येणारा आकडा सहसा पहिल्या मापाचा असतो आणि तोच सर्वांत उदार आहे. वर्षातील बराचसा काळ काम शोधण्यात गेलेल्या पदवीधराने सुगीत महिनाभर, म्हणजे किमान ३० दिवस, घरच्या शेतात हात लावला, तर दुय्यम कामाच्या आधारे तो रोजगारात धरला जातो. साप्ताहिक मापात आठवड्यातील किमान एक तास काम पुरते. त्यामुळे २०२३-२४ मध्ये एकाच पाहणीतून १५ वर्षांवरील लोकांसाठी सर्वसाधारण स्थितीनुसार ३.२ टक्के, तर साप्ताहिक स्थितीनुसार ४.९ टक्के असे दोन दर निघाले, आणि दोन्ही आपापल्या व्याख्येनुसार बरोबर होते.

पूर्वी मोठ्या पाहण्या साधारणतः पाच वर्षांनी होत. दरवर्षीचा आकडा २०१७ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणामुळे मिळू लागला. त्याच्या पहिल्या वर्षी, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, सर्व वयांच्या लोकांसाठीचा दर ६.१ टक्के आढळला आणि मे २०१९ मध्ये तो अधिकृतपणे जाहीर होण्यापूर्वीच त्यावर मोठा वाद झाला. पुढे तो उतरत गेला, अगदी महासाथीच्या २०२०-२१ या वर्षातही ४.२ टक्क्यांवर आला. याच काळात १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २३.३ टक्क्यांवरून (२०१७-१८) ४१.७ टक्क्यांवर (२०२३-२४) गेला. स्वयंरोजगारातील लोकांचा वाटा वाढला आणि त्यांत घरच्या उद्योगात विनामोबदला राबणाऱ्यांची भर लक्षणीय होती. अशा मदतनीसांनाही व्याख्येनुसार रोजगार असतो. उतरलेल्या दरातून कामाला लागलेल्यांचे प्रमाण कळते, कमाई कळत नाही. प्रच्छन्न बेकारी, म्हणजे दोघांचे काम चौघांनी वाटून करणे, ही तर या मापाच्या पकडीतच येत नाही.

राज्यांची तुलना करताना तर अधिकच जपावे लागते. २०२३-२४ मध्ये गोव्याचा दर ८.५ टक्के होता, तर मध्य प्रदेशाचा सुमारे १ टक्का. यावरून गोवेकर अधिक हलाखीत आहेत असे कोणी म्हणणार नाही. मनाजोगती नोकरी मिळेपर्यंत थांबण्यासाठी घरात काही आधार असावा लागतो, आणि शिक्षण जितके जास्त तितकी ही वाट पाहणी लांबते. १५ ते २९ वयोगटातील १०.२ टक्के हा त्याच वर्षाचा दर म्हणूनच सरासरीपेक्षा अधिक बोलका आहे. याउलट, ज्याला रिकामे राहणे परवडत नाही तो मिळेल त्या मजुरीवर जातो आणि बेरोजगारांच्या मोजणीतून सुटतो. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याचा रोख ग्रामीण भागातील अशाच अपुऱ्या, हंगामी कामावर होता.

जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची रचना बदलली असून साप्ताहिक स्थितीनुसार मासिक दरही प्रसिद्ध होतात. वार्षिक दर आता जुलै-जूनऐवजी जानेवारी-डिसेंबर या वर्षाचा असल्याने जुन्या मालिकेशी त्याची थेट तुलना करता येत नाही.