हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही : मोरॅटोरियम आणि व्याज अनुदान

शैक्षणिक कर्ज काढायला गेलेल्या पालकांना बँकेत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "कोर्स संपून वर्ष होईपर्यंत काही भरायचं नाही." घरी येईपर्यंत त्याचं "तोवर व्याज लागत नाही" झालेलं असतं. बँकवाला खोटं बोललेला नसतो आणि पालकांचे कानही ठीक असतात. फक्त दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात शिरलेल्या असतात. एक मोरॅटोरियम, म्हणजे हप्त्याला दिलेली सुट्टी. दुसरी व्याज अनुदान, म्हणजे त्या सुट्टीतलं व्याज सरकारने भरणं. पहिली बहुतेक प्रत्येक शैक्षणिक कर्जदाराला मिळते. दुसरी अटींत बसणाऱ्यालाच.

माझ्या अकरावीच्या वर्गातल्या दोन मुलींनी गणिताच्या प्रकल्पाला हाच विषय घेतला. त्यांचा प्रश्न सोपा होता : एकच कॉलेज, एकच फी, एकच कर्ज, मग त्या पदवीची किंमत सगळ्या घरांना सारखीच पडते का?

त्यांनी धरलेले आकडे असे. चार वर्षांचं इंजिनिअरिंग, दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख, म्हणजे एकूण 6 लाखांचं कर्ज. व्याजदर 10 टक्के (हिशेब सोपा पडावा म्हणून, खरा दर बँकेप्रमाणे बदलतो). चार वर्षं शिक्षण आणि पुढचं एक वर्ष, अशी पाच वर्षांची सुट्टी. मग दहा वर्षं हप्ते.

सुट्टीच्या काळात बँका साधारणपणे सरळव्याज लावतात. म्हणजे इथवरचं गणित सातवीचं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज 75,000, दुसऱ्यावर चार वर्षांचं 60,000, मग 45,000 आणि 30,000. बेरीज 2,10,000. मुलगी पहिल्या वर्षाला वर्गात बसली त्या दिवसापासून हे मीटर चालू आहे, फक्त बिल कुणी पाठवत नाही. सुट्टी संपली की ही रक्कम मुद्दलात मिळवतात आणि हप्ता 6 लाखांवर न बसता 8,10,000 वर बसतो. इथून पुढे आठवीचं चक्रवाढव्याज. एक्सेलमध्ये पीएमटीचं सूत्र घातलं तर महिन्याचा हप्ता येतो 10,704 रुपये. दहा वर्षांत भरणा 12 लाख 84 हजार.

व्याज अनुदान असेल तर ते 2,10,000 विद्यार्थ्याच्या माथी येतच नाहीत. हप्ता 6 लाखांवर : 7,929 रुपये. एकूण 9 लाख 51 हजार. फरक 3 लाख 33 हजारांचा. त्यातले 2 लाख 10 हजार हे सुट्टीतलं व्याज, आणि उरलेले 1 लाख 23 हजार त्या व्याजावर पुढच्या दहा वर्षांत लागलेलं व्याज. मुलींना हा दुसरा आकडा सूत्रात दिसला नव्हता, वजाबाकी केल्यावर सापडला. मला विचाराल तर प्रकल्पाचं अर्धं सार तिथेच आहे.

बँकेच्या बाजूने एक सांगायला हवं. सुट्टीतही दरवर्षी चक्रवाढ लावली असती, तर 8 लाख 10 हजारांऐवजी 8 लाख 42 हजारांवर हप्ता बसला असता. तेव्हा मोरॅटोरियम हा काही सापळा नाही, खरीच सवलत आहे. पण ती वेळेची सवलत आहे, पैशाची नव्हे.

पैशाची सवलत केंद्र सरकारच्या योजनांतून येते. जुनी योजना 2009-10 पासूनची : पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं सुट्टीतलं पूर्ण व्याज सरकार भरतं. नोव्हेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मीत उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांपर्यंत नेली. तिथे मात्र पूर्ण व्याज नाही, सुट्टीच्या काळापुरती व्याजदरात तीन टक्क्यांची सवलत आहे. तीही ठरावीक दर्जाच्या संस्थांमध्ये प्रवेश असेल तर, वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत मिळत नसेल तर. दोन्ही योजना देशातल्या शिक्षणासाठी आहेत. अमेरिकेत एमएस करायला निघालेल्या मुलाच्या वडिलांनी "सरकार व्याज भरतं म्हणे" यावर विसंबू नये.

अमेरिकेत तिथल्या विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जातही हीच जोडी आहे, फक्त तिथे दोन वेगवेगळी कर्जंच आहेत. अनुदानित कर्जात शिकत असतानाचं व्याज सरकार भरतं आणि ते पदवीच्या गरजू विद्यार्थ्यालाच मिळतं. विनाअनुदानित कर्जात पैसे हातात पडल्या दिवसापासून व्याज चढतं. निदान नावावरून तरी कळतं. आपल्याकडे कर्ज एकच, अर्जही जवळपास तोच, म्हणून घोळ जास्त.

मुलींनी मग वेगवेगळी घरं मांडली. वार्षिक उत्पन्न 4 लाख 40 हजार असलेलं घर : पूर्ण अनुदान, एकूण भरणा 9 लाख 51 हजार. उत्पन्न 4 लाख 60 हजार असलेलं घर : सुट्टीत 10 ऐवजी 7 टक्के, म्हणजे व्याज 1,47,000, हप्ता 9,872, एकूण 11 लाख 85 हजार. उत्पन्न आठ लाखांच्या जरा वर असलेलं घर : काहीच नाही, 12 लाख 84 हजार. आणि शेवटचं घर, ज्यांनी 6 लाख फी खिशातून भरली. त्यांची पदवी 6 लाखांतच.

मी दुसऱ्या घरापाशी अडकलो. पहिल्या घरापेक्षा वर्षाला वीस हजार जास्त, म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये. तेवढ्यासाठी पुढे 2 लाख 33 हजारांचा भार. आलेखावर ही रेषा उतारासारखी चढत नाही, पायरीसारखी उडी मारते. असा टप्पा आखणाऱ्याला सोयीचा असतो. हिशेब एका दाखल्यावर भागतो. पण पायरीच्या कडेला बसलेल्या घराला तो न्याय्य वाटणं कठीण. अनुदान उत्पन्नाप्रमाणे हळूहळू उतरत गेलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मुलींनी स्वतःहून प्रकल्पात घातला. मी फक्त मान डोलावली.

आणखी एक घर त्यांच्याकडून राहिलं होतं, ते मी सुचवलं. अनुदान नाही, पण सुट्टीतलं व्याज दरमहा भरण्याइतका पैसा हाताशी आहे. पहिल्या वर्षी महिना 1,250, दुसऱ्या 2,500, तिसऱ्या 3,750, पुढची दोन वर्षं 5,000. हे घर एकूण 11 लाख 61 हजार भरतं, म्हणजे काहीच न भरू शकलेल्या घरापेक्षा 1 लाख 23 हजार कमी. शिवाय असं वेळच्या वेळी व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. ज्याला पाच हजार काढता येतात त्यालाच सूट. अर्थात लवकर भरलेला रुपया आणि पंधरा वर्षांनी भरलेला रुपया एका तराजूत घालता येत नाही, हे खरं. मुलींना तेवढी तळटीप लिहायला लावली.

आयकरातल्या शैक्षणिक कर्जाच्या वजावटीची (1961 च्या कायद्यातलं 80ई कलम) गोष्टही तशीच. व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, वरची मर्यादा नाही, पण ती जुन्या करप्रणालीतच आणि मुळात कर बसत असेल तरच. याला कोणी व्याज अनुदान म्हणू नये. तसंच व्याज अनुदान म्हणजे कर्जमाफीही नव्हे. मुद्दल पूर्ण फेडायचं असतं, आणि सुट्टी संपल्यावरचं व्याजही आपलंच.

आपल्याला नेमकं काय मिळालंय ते बघायचं असेल तर मंजुरीपत्रापेक्षा कर्जखात्याचा उतारा वाचा. मोरॅटोरियम असेल तर व्याज नावे (डेबिट) पडत गेलेलं दिसेल. अनुदान असेल तर ते नावे पडेल आणि नंतर सरकारकडून जमाही होईल. जमेची नोंद दिसली नाही, तर तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला घेऊन शाखेत जायचं आणि दावा पाठवला का ते विचारायचं. वर्गातल्या एका मुलीच्या दादाच्या खात्यात तीन वर्षं फक्त नावेच होतं. घरात सगळ्यांची समजूत, अनुदान चालू आहे.