डीएलसी आणि खेळणाऱ्यांच्या प्रतिक्रिया (रोल-प्लेइंग गेम)

रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम एकदा विकत घेऊन झाला की त्याच गेममध्ये नवा प्रदेश, नवी कथा, नवे सोबती, हत्यारं किंवा नुसते कपडे असं काहीतरी वेगळे पैसे देऊन, कधीकधी फुकटही, डाउनलोड करता येतं, ते म्हणजे डीएलसी, आणि तिच्यातला मोठा, दहा-वीस तासांचा प्रकार म्हणजे एक्सपान्शन. अशी डीएलसी आली की खेळणारे कशावर चिडतात, कशावर जीव टाकतात आणि त्यांच्या ओरड्यामुळे कंपन्या काय काय बदलतात, त्याची ही नोंद. उदाहरणं जगभरातली आहेत, पण बघणं इंदूरच्या मराठी पोरापोरींच्या बाजूनं, म्हणजे रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इकडची मंडळी, जी घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि हेडसेटवर दोन्ही मिसळून बोलतात आणि शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात ताकदवान शत्रू, मेला की 'भिया, हो गया!' असंच ओरडतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकायला पाहिजे, कारण ती न कळल्यामुळे लोक या सगळ्या भांडणाला 'पोरांना फुकट पाहिजे' म्हणून उडवून लावतात. राग किमतीचा फार कमी वेळा असतो. राग येतो तो जेव्हा वाटतं की ही गोष्ट मूळ गेममध्येच होती आणि कापून बाजूला ठेवली. इंदूरला सानंद या मराठी संस्थेची नाटकं बघत वाढलेल्या कोणालाही हे लगेच कळेल, तिसरा अंक वेगळ्या तिकिटावर म्हटलं तर प्रेक्षक उठून जाब विचारेल, पण नाटक पूर्ण दाखवून सहा महिन्यांनी त्याच पात्रांचं नवं नाटक आणलं तर हाच प्रेक्षक आनंदानं रांगेत उभा राहील.

डाउनलोडच्या आधी एक्सपान्शन डब्यात यायचं. १९९९ मध्ये बॉल्डर्स गेटचं टेल्स ऑफ द सोर्ड कोस्ट आलं, २००१ मध्ये बॉल्डर्स गेट २ चं थ्रोन ऑफ भाल आणि डायब्लो २ चं लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन, ज्यात पाचवा अंक आणि असॅसिन, ड्रुइड हे दोन नवे क्लास, म्हणजे निवडायच्या योद्ध्यांचे प्रकार, होते. त्या वेळी तक्रार असायचीच, पण ती अवघडपणाची किंवा बगची, 'आमचंच आम्हाला विकलं' अशी नसायची, कारण डबा हातात घेतला की तो एक वेगळा गेम वाटायचा. इंदूरसारख्या शहरात तर हे डबे क्वचितच दिसायचे, कॉपी केलेल्या सीड्या हातोहात फिरायच्या, डिजिट मासिकाबरोबरच्या सीडीत डेमो आणि पॅच, म्हणजे गेममधल्या दुरुस्त्या, मिळायचे, आणि कितीतरी जणांना मूळ गेम कुठे संपला आणि एक्सपान्शन कुठे सुरू झालं हेच माहीत नसायचं, कारण सीडीवर सगळं एकत्रच असायचं.

भांडणाची खरी सुरुवात २००६ च्या एप्रिलमध्ये झाली. बेथेस्डाच्या द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन या गेमसाठी घोड्याचं चिलखत विकायला काढलं, एक्सबॉक्स ३६० वर २०० पॉइंट, म्हणजे अडीच डॉलर. घोडा दिसायला छान आणि थोडा जास्त मार सहन करणारा, बस, ना कथा ना प्रदेश. लोकांनी जी खिल्ली उडवली ती आजपर्यंत चालू आहे, कुठलीही फालतू डीएलसी आली की 'घोड्याचं चिलखत' एवढंच म्हटलं तरी पुरतं. पण तीच कंपनी, तोच गेम, आणि २००७ मध्ये शिव्हरिंग आयल्स आलं, एका वेड्या देवाचं अख्खं नवं बेट, अर्धं रंगीत अर्धं काळंकुट्ट, आणि त्याच लोकांनी ते डोक्यावर घेतलं. या दोन प्रतिक्रिया शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात, एका वर्षाच्या आतल्या आहेत. पुढे २०२५ मध्ये ऑब्लिव्हियनची रीमास्टर्ड आवृत्ती आली तेव्हा तिच्या महाग डिलक्स पॅकमध्ये कंपनीनं पुन्हा घोड्याचं चिलखत दिलं आणि या वेळी लोक हसले, चिडले नाहीत.

शेवट विकणे हा सगळ्यात जास्त दुखावणारा प्रकार. फॉलआउट ३ (२००८) चा शेवट असा होता की किरणोत्सर्गानं भरलेल्या खोलीत कोणीतरी जाऊन जीव द्यायचा, आणि तुमच्याबरोबर फॉक्स नावाचा सोबती असतो ज्याला किरणोत्सर्गानं काही होत नाही, तरी तो म्हणतो की हे तुझं नशीब आहे, मी जाणार नाही. वर गेम तिथेच संपायचा, पुढे फिरता यायचं नाही. लोक खवळले, आणि बरोबरच होतं त्यांचं. २००९ च्या मे मध्ये ब्रोकन स्टील आलं, त्यात सोबत्याला पाठवता यायला लागलं, मेल्यानंतर पुढे खेळता यायला लागलं, लेव्हलची मर्यादा २० वरून ३० झाली. लोकांनी ते घेतलं, आवडीनं खेळलं, पण दुरुस्तीचे पैसे घेतले ही सल राहिलीच.

बायोवेअर या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या बाबतीत तर पूर्ण अभ्यासक्रमच आहे. ड्रॅगन एज : ओरिजिन्स (२००९) मध्ये रात्रीच्या मुक्कामाला तुमच्या छावणीत एक माणूस उभा असायचा, आपली दर्दभरी कहाणी सांगायचा, तुम्ही 'करतो मदत' म्हणालात की कळायचं ही मोहीम विकत घ्यावी लागेल. जगाच्या आत, पात्राच्या तोंडून दुकान! खेळणाऱ्याचं तंद्रीत असणं हीच ज्या प्रकारच्या गेमची कमाई, तिथे हे करणं म्हणजे हात मुद्दाम आगीत घालणं. मग मास इफेक्ट ३, मार्च २०१२, गेम आला त्याच दिवशी फ्रॉम अॅशेस ही दहा डॉलरची डीएलसी, आणि तिच्यात जाव्हिक, म्हणजे ज्या प्रोथियन जमातीचा दोन गेम नुसता इतिहास ऐकला त्यांच्यातला शेवटचा जिवंत माणूस. कथेच्या दृष्टीनं इतका महत्त्वाचा माणूस पहिल्याच दिवशी वेगळा विकायला ठेवलेला, आणि त्याच्यावर भर म्हणून गेमचा शेवट लोकांना अजिबात पटला नाही. विरोधाच्या मोहिमा निघाल्या, पत्रं गेली, आणि जूनमध्ये कंपनीला एक्स्टेंडेड कट, म्हणजे वाढवलेला शेवट, फुकट द्यावा लागला. पण याच गेमची शेवटची डीएलसी सिटाडेल, मार्च २०१३, हिच्यावर लोकांनी जेवढं प्रेम केलं तेवढं क्वचितच कुठल्या डीएलसीवर केलं असेल. तिच्यात काय आहे? जुने सोबती घरी जमतात, पार्टी होते, थट्टामस्करी चालते. पाच वर्षं ज्यांच्याबरोबर फिरलो त्यांचा निरोप घेता आला, एवढंच लोकांना हवं होतं.

२०१५ मध्ये दोन उलट्या गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर स्कायरिमचे मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले बदल, पैसे घेऊन विकायची सोय सुरू झाली, खेळणाऱ्यांनी इतका गदारोळ केला की काही दिवसांतच ती मागे घेऊन पैसे परत करावे लागले. आणि मे मध्ये विचर ३ आला. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडनं १६ छोट्या डीएलसी फुकट वाटल्या, दाढीच्या स्टाइलपासून छोट्या मोहिमांपर्यंत, आणि मोठी दोन एक्सपान्शन विकत ठेवली. त्या दोघांचा पास गेम यायच्या आधीच विकायला काढला तेव्हा कुरकुर झाली होती, कंपनीनंच सांगितलं की शंका असेल तर आत्ता घेऊ नका. मग ऑक्टोबरमध्ये हार्ट्स ऑफ स्टोन आलं, साधारण १० तासांचं, ज्यातलं लग्नघर, भुतानं अंगात येऊन नाचवलेला नायक गेराल्ट आणि तो गोड बोलणारा आरशावाला व्यापारी लोक अजून विसरत नाहीत, आणि २०१६ च्या मे मध्ये ब्लड अँड वाइन, साधारण २० तासांचं, तूसां नावाचा द्राक्षमळ्यांचा नवा प्रदेश, आणि थकलेल्या गेराल्टला शेवटी स्वतःचं घर. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग गेमचं बक्षीस या एक्सपान्शनला मिळालं, पूर्ण गेमांना मागे टाकून. तेव्हापासून प्रत्येक एक्सपान्शनला लोक हीच फूटपट्टी लावतात, 'विचरसारखं आहे का?', आणि माझ्या मते ती फूटपट्टी योग्यच आहे.

प्रतिक्रिया लगेच पक्की होते असंही नाही. फॉलआउट : न्यू व्हेगसची डेड मनी डिसेंबर २०१० मध्ये आली, तुमचं सगळं सामान काढून घेतलं जातं, गळ्यात स्फोटक पट्टा, रेडिओजवळ गेलात की तो टिकटिक करायला लागतो, हवेत विषारी ढग. खूप लोकांना तेव्हा नको झालं होतं, आणि आज तिच्याच कथेबद्दल लोक भरभरून बोलतात.

अवघडपणावरून झालेला सगळ्यात मोठा वाद २०२४ चा. एल्डन रिंगचं शॅडो ऑफ द अर्डट्री २१ जूनला आलं, समीक्षकांनी उचलून धरलं, आणि स्टीमवर मात्र पहिल्या दिवसांत रिव्ह्यू 'मिश्र' दिसायला लागले. काहींची तक्रार पीसीवर गेम अडखळतो ही होती, ती रास्तच. बाकीच्यांची ही की आपण शेकडो तास घालून बनवलेला योद्धा इथे दोन फटक्यांत मरतो. त्यात नव्या प्रदेशात ताकद वाढते ती तिथे सापडणाऱ्या स्कॅडूट्रीच्या तुकड्यांनी, जुन्या लेव्हलनं नाही, आणि लोक तुकडे न शोधता थेट बॉसशी भिडत होते. आठवड्याच्या आतच कंपनीनं पॅच देऊन सुरुवातीच्या तुकड्यांची ताकद वाढवली, सप्टेंबरमध्ये शेवटचा बॉसही थोडा सौम्य केला, त्यावर आधीच त्याला हरवलेले लोक नाराज. शिवाय आत शिरायलाच रडान आणि मोग हे दोन बॉस मारलेले पाहिजेत, त्यातला मोग असा की मूळ कथा त्याच्याशिवायही पूर्ण होते, त्यामुळे दोन वर्षांनी परत आलेल्या खेळणाऱ्याला पहिल्याच पायरीवर बोटांची सवय गेलेली असताना त्याच्याशी लढावं लागलं. विचर ३ मध्ये आणि सायबरपंकमध्ये एक्सपान्शनसाठी तयार पात्र घेऊन थेट सुरू करता येतं, तशी सोय इथे नव्हती, आणि ही तक्रार मला सगळ्यात जास्त पटते. वर्षअखेरीला या एक्सपान्शनला वर्षातल्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकन मिळालं तेव्हा 'डीएलसी म्हणजे गेम का?' यावर पुन्हा जुंपली.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आलेल्या स्टारफिल्डच्या शॅटर्ड स्पेसचं स्वागत थंड झालं, मूळ गेमवरच लोक नाराज होते आणि नवा ग्रह त्या नाराजीला पुरला नाही. उलट बॉल्डर्स गेट ३ च्या लारियननं मार्च २०२४ मध्ये सांगून टाकलं की एक्सपान्शन करणार नाही, आणि बहुतेकांनी हळहळत का होईना ते मान्य केलं, कारण गेम पूर्ण दिला होता.

इंदूरमधल्या प्रतिक्रियेला आणखी दोन-तीन पदर आहेत. एक म्हणजे घर. गेमला एकदा पैसे दिले की घरच्यांच्या हिशोबानं विषय संपलेला असतो, 'अरे, घेतला होतास ना तो गेम, मग परत पैसे कशाचे?' हा आईचा प्रश्न आणि हा प्रश्न मुळात त्याच कापाकापीच्या तक्रारीचा आहे, फक्त आईला घोड्याचं चिलखत माहीत नसतं. स्टीमवर २०१५ पासून किमती रुपयांत दिसायला लागल्या, नंतर यूपीआय आलं, २०१६ मध्ये जिओ आल्यावर मोठे डाउनलोड आवाक्यात आले, त्यामुळे जेल रोड किंवा सिल्व्हर मॉलला जायचं ते रॅम नाहीतर ग्राफिक कार्डासाठी, गेमसाठी नाही. तरी बरीच मंडळी डीएलसी पहिल्या दिवशी घेत नाहीत, जूनअखेरच्या किंवा डिसेंबरच्या सेलची वाट बघतात, किंवा सगळ्या डीएलसी एकत्र असलेली पूर्ण आवृत्ती स्वस्त व्हायची. याचा परिणाम असा की इकडची चर्चा जगापेक्षा वर्षभर मागे चालते, पण गंमत म्हणजे जास्त शांत आणि बहुतेक वेळा जास्त खरी असते, कारण तोपर्यंत पॅच आलेले असतात. छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे खाताना ब्लड अँड वाइनवर आजही तावातावानं बोलणारे सापडतील.

परताव्याचा नियमही माहीत असलेला बरा. स्टीमवर डीएलसी १४ दिवसांच्या आत परत करता येते, पण ती घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला पाहिजे आणि डीएलसीतलं काही वापरून संपवलेलं नसावं. रोल-प्लेइंग गेममध्ये दोन तास म्हणजे काहीच नाही, जुनं सेव्ह उघडायचं, बटणं आठवायची, सामान लावायचं, नव्या प्रदेशाच्या दारापर्यंत जायचं, त्यातच संपतात. म्हणून डीएलसी घेतली की लगेच तिच्याच सुरुवातीच्या मोहिमेकडे जावं, इकडेतिकडे भटकू नये, हा सल्ला थोरले पोरं धाकट्यांना देतात.

आणि ज्यांचं कन्सोल जुनं आहे त्यांची बाजू. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये इतका मोडका आला की सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्ये पुन्हा विकायला ठेवला. गेम आल्यापासून जवळजवळ तीन वर्षं तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेडनं दुरुस्ती केली, सप्टेंबर २०२३ मध्ये २.० पॅच फुकट दिला आणि २६ तारखेला फँटम लिबर्टी विकायला आणलं, इद्रिस एल्बा असलेलं हेरकथेचं एक्सपान्शन, ज्यानं गेलेला विश्वास बराचसा परत आणला. पण ते पीएस४ आणि एक्सबॉक्स वन वर आलंच नाही, २.० पॅचही नाही. म्हणजे पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास ज्यांनी काढला, ते पीएस४ वाले, त्यांनाच दुरुस्त झालेला गेम मिळाला नाही. इंदूरमध्ये मोठ्या भावाचं जुनं पीएस४ वापरणारी कितीतरी घरं आहेत आणि त्यांच्याकडून फँटम लिबर्टीचं कौतुक ऐकायला मिळत नाही, ते नवं कन्सोल कधी परवडेल तेच विचारतात.