मोठा इंजेक्टर आणि हरवलेला मिलिसेकंद

‘टर्बो बसवला ना, मग सर्वांत मोठे इंजेक्टर टाका’ हा सल्ला छत्रपती संभाजीनगरच्या गॅरेजांमध्ये बिनदिक्कत दिला जातो. वास्तविक इंजेक्टर ताकद निर्माण करीत नाही. टर्बोने कोंबलेल्या हवेला पुरेल एवढे पेट्रोल मोजून देणे, इतकेच त्याचे काम आहे.

हिशेब सोपा आहे. पूर्ण भारावर टर्बो पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे 270 ग्रॅम इंधन लागते, असे धरले, तर 300 अश्वशक्तीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला साधारण 450 घनसेंटिमीटर पेट्रोल येते. इंजेक्टर 80 टक्क्यांहून अधिक वेळ उघडा ठेवू नये, म्हणून 560चा (मिनिटाला 560 घनसेंटिमीटर देणारा) इंजेक्टर पुरतो. मग 1000चा का नको?

इंजेक्टर ही विजेवर उघडणारी सुई आहे. कॉइलमध्ये प्रवाह वाढून सुई उचलली जाईपर्यंत सुमारे 1 मिलिसेकंद निघून जातो आणि तेवढ्या वेळात पेट्रोल जवळजवळ येतच नाही. मिनिटाला 6000 फेऱ्यांवर दोन फेऱ्यांचे एक चक्र 20 मिलिसेकंदांचे असते, तेथे या विलंबाच्या अंदाजातील 0.1 मिलिसेकंदाची चूक जाणवत नाही. मात्र गाडी जागेवर चालू असताना 560च्या इंजेक्टरला प्रत्यक्ष इंधन देण्यासाठी सुमारे 0.9, तर 1000च्या इंजेक्टरला जेमतेम 0.5 मिलिसेकंद मिळतो. तीच 0.1ची चूक पहिल्यात 11 टक्क्यांची, दुसऱ्यात 20 टक्क्यांची ठरते, आणि इंजिन धडधडू लागते. शिवाय हेडलाइट आणि पंखा लागून व्होल्टेज उतरले की सुई आणखी उशिरा उचलली जाते.

दाब वाढवून प्रवाह वाढवता येतो, पण वर्गमुळाच्या प्रमाणात: 3 बारचे 4 बार केल्यास वाढ फक्त 15 टक्क्यांची. जालन्याच्या मोसंबी बागेतील साध्या ठिबकलाही जवळपास हाच नियम लागू पडतो. टर्बोचा दाब इंजेक्टरच्या तोंडावर उलटा बसतो, म्हणून रेग्युलेटरने इंधनाचा दाब तेवढाच चढवावा लागतो.

20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी हवा-इंधन प्रमाण (एक भाग इंधनामागे वजनाने किती भाग हवा) 14.7वरून सुमारे 13.5वर येते, म्हणजे वजनाने 8-9 टक्के अधिक इंधन लागते. त्यामुळे 560ऐवजी 620च्या आसपासचा इंजेक्टर घेणे योग्य. खरेदी करताना विक्रेत्याकडे व्होल्टेजनुसार उघडण्याच्या विलंबाचा तक्ता मागावा, कारण ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) तेच आकडे भरायचे असतात.