विमाने थोडक्यात बचावली, म्हणजे नेमके काय झाले?

‘आकाशात दोन विमानांची टक्कर टळली’ अशी बातमी आली की ती बेळगावपासून निपाणीपर्यंत मोबाइलवर फिरते आणि सांबऱ्याच्या विमानतळावरून ये-जा करणारी माणसे धास्तावतात. पण या एकाच मथळ्याखाली दोन वेगळ्या घटना छापल्या जातात. एकीत दोन विमानांमध्ये राखायचे किमान अंतर मोडलेले असते. दुसरीत वैमानिकाला किंवा जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या नियंत्रकाला वाटलेले असते की आता सुरक्षितता धोक्यात आली; तिला एअरप्रॉक्स म्हणतात. दोन्ही एकदम घडू शकतात, पण एक घडली म्हणजे दुसरी घडलीच असे नाही. जिथे प्रवासी विमाने आणि शिकाऊ विमाने एकाच धावपट्टीवर उतरतात तिथल्या लोकांना हा फरक माहीत असायलाच हवा, असे मला मनापासून वाटते.

अंतराचा नियम समजायला सोपा, कारण तो मोजता येतो. उपकरणांच्या आधारे, नियंत्रकाच्या सूचनेनुसार उडणाऱ्या दोन विमानांच्या उंचीत साधारण 1000 फुटांचा फरक हवा. तेवढा नसेल तर आडवे अंतर हवे: रडारवर दिसत असतील तर बहुधा 5 सागरी मैल, विमानतळाजवळ काही ठिकाणी 3. यांतले एक शाबूत असले की नियम पाळला गेला. आता समजा, 35,000 फुटांवर दोन विमाने एकमेकांपासून दूर चालली आहेत आणि त्यांच्यात 4.7 मैल आहेत. ती आपटण्याचा प्रश्नच येत नाही, तरी नियम मोडला. चौकशी होणार आणि व्हायलाच हवी, कारण कुठेतरी सूचना चुकली, चुकीची ऐकली गेली किंवा उशिरा मिळाली, एवढे त्यातून नक्की कळते.

अशीच एक चूक सावरली गेली नाही तेव्हा काय होते ते आपल्या देशाने पाहिले आहे. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी बोइंग आणि कझाक इल्युशिन यांची टक्कर झाली, 349 माणसे गेली. सौदी विमानाला 14,000 फुटांवर राहायला सांगितले होते, कझाक विमानाला 15,000 वर. कझाक विमान त्या उंचीच्या खाली उतरत गेले. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती, त्यामुळे राखून दिलेले 1000 फूट संपल्याचे नियंत्रकाला कळायला मार्गच नव्हता.

एअरप्रॉक्सला असा ठरलेला आकडा नाही. आंतरराष्ट्रीय व्याख्येत वैमानिकाचे किंवा हवाई वाहतूक नियंत्रण सेवेतल्या माणसाचे मत हाच आधार आहे: विमानांमधले अंतर, त्यांची एकमेकांच्या संदर्भातली जागा आणि वेग पाहता सुरक्षितता धोक्यात आली असावी, असे त्याला वाटले पाहिजे. नंतर तपासात श्रेणी ठरते. ए म्हणजे टक्कर होण्याचा धोका होता, बी म्हणजे सुरक्षिततेची खात्री उरली नव्हती, सी म्हणजे टक्कर होण्यासारखे काही नव्हते, डी म्हणजे पुरेशी माहिती नसल्याने ठरवता आले नाही. मताला आधार मानणे काहींना कच्चे वाटते. मला ते योग्य वाटते, आणि त्याचे कारण सांबऱ्यात सापडते.

शहराच्या पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर ही धावपट्टी आहे. शेजारी वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र जुनेच. विमानतळ प्राधिकरणाने 2021 मध्ये वैमानिक घडवणाऱ्या संस्थांसाठी जे विमानतळ निवडले त्यांत जळगावबरोबर बेळगावही होते. म्हणून एटीआर किंवा एम्ब्रेअर बनावटीचे प्रवासी विमान उतरायला येते तेव्हा धावपट्टीभोवती एखादे छोटे विमान घिरट्या घालत असू शकते: उतरायचे, न थांबता पुन्हा उडायचे, वळून परत यायचे. या घिरट्यांना सर्किट म्हणतात आणि ती साधारणपणे जमिनीपासून 1000 फुटांवर होतात.

इथे अंतराचा नियम हात टेकतो. भारतात विमानतळांभोवतीचे नियंत्रित आकाश डी वर्गात मोडते. या वर्गात उपकरणांवर उडणाऱ्या दोन विमानांमध्ये नियंत्रक ठरलेले अंतर राखून देतो. पण त्यांतले एक विमान डोळ्यांनी पाहून उडणारे असेल, तर नियंत्रकाने दोघांना एकमेकांची माहिती द्यायची असते: कुठल्या दिशेला, किती उंचीवर, किती मैलांवर. टॉवरवरचा नियंत्रक शिकाऊ विमानाला थांबवून धरतो, बाजूला गोल फिरायला सांगतो, उतरण्याचा क्रम लावून देतो. तरीही ते 3 किंवा 5 मैल या जोडीला लागू नसतात. म्हणजे प्रवासी विमान आणि शिकाऊ विमान एकमेकांच्या अंगावर आले तरी कागदोपत्री कोणतेही अंतर मोडलेले नसेल, असे होऊ शकते. तो धोका पकडायला एअरप्रॉक्सची नोंद हीच जागा उरते.

अमेरिकेत सॅन डिएगोवर 25 सप्टेंबर 1978 रोजी तसेच घडले. उतरायला निघालेल्या बोइंग 727 च्या वैमानिकांना नियंत्रकाने समोरच्या सेस्ना 172 ची माहिती दिली. दिसते, असे त्यांनी कळवले आणि त्या क्षणापासून अंतर राखण्याची जबाबदारी त्यांच्या डोळ्यांवर आली. पुढे सेस्ना नजरेआड झाली. ती दिसत नाही हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले नाही. सेस्नात प्रशिक्षकाबरोबर उपकरणांवर उतरण्याचा सराव चालू होता आणि ती दिलेल्या दिशेपासून वळली होती. टकरीआधी 19 सेकंद नियंत्रण कक्षात इशारा वाजला, पण खोटे इशारे रोजचेच असल्याने त्यावर काही केले गेले नाही. जमिनीवरच्या 7 जणांसह 144 माणसे मेली.

डोळ्यांवर किती विसंबायचे, याचा हिशेब करून पाहा. प्रवासी विमान 140 नॉट (म्हणजे तासाला 140 सागरी मैल) वेगाने आणि शिकाऊ विमान 90 नॉटने समोरासमोर आले तर मधला एक सागरी मैल 16 सेकंदांत संपतो. प्रवासी विमान अजून 250 नॉटवर असेल तर 11 सेकंदांच्या आत. दुसरे विमान दिसणे, ते अंगावर येते आहे हे ओळखणे, ठरवणे, दांडा वळवणे आणि विमानाने वळणे, एवढ्याला सुमारे साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचे मार्गदर्शन सांगते. त्यात टकरीच्या मार्गावर असलेले विमान काचेत एकाच जागी स्थिर दिसते, आणि न हलणारा ठिपका नजरेतून सहज सुटतो.

प्रवासी विमानात टीकास ही टक्कर टाळणारी यंत्रणा असते. आधी ती सावध करते, मग चढा किंवा उतरा असा आदेश देते. पण तिला समोरच्याची उंची कळते ती त्याच्या ट्रान्सपॉन्डरकडून, म्हणजे विमानाची माहिती रेडिओ संदेशाने कळवणाऱ्या उपकरणाकडून. तो नसेल किंवा बंद असेल तर टीकासच्या लेखी ते विमान आकाशात नसतेच. तो उंची सांगत नसेल तर टीकास सावध करते, आदेश देऊ शकत नाही. लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर 31 ऑगस्ट 1986 रोजी डीसी-9 ला धडकलेल्या छोट्या पायपर विमानाचा ट्रान्सपॉन्डर उंची सांगणारा नव्हता. जमिनीवरच्या 15 जणांसह 82 जण गेले. शिवाय जमिनीपासून साधारण 1000 फुटांच्या खाली टीकास आदेश देणे थांबवते. सर्किट त्याच उंचीच्या आसपास असते, हे विसरून चालणार नाही.

दोन्ही प्रकार एकत्र पाहायचे असतील तर लांब जायला नको. 7 जानेवारी 2022 रोजी बेंगळुरूत दोन समांतर धावपट्ट्यांवरून दोन प्रवासी विमाने जवळजवळ एकदमच उडाली आणि एकमेकांकडे झुकू लागली. एकाच धावपट्टीवरून काम चालवायचे ठरले होते, ते एका टॉवर नियंत्रकापर्यंत पोहोचले नव्हते. रडारवर बसलेल्या नियंत्रकाने वेगळ्या दिशा देऊन दोघांना दूर केले. ठरलेले अंतर मोडले होते आणि धोकाही खरा होता. मला जास्त अस्वस्थ करते ते हे की ही घटना लॉगबुकात लिहिली गेली नाही. एअरप्रॉक्स तर कुणी सांगितल्याशिवाय जन्मच घेत नाही. वीस वर्षांच्या प्रशिक्षणार्थीला ‘मला भीती वाटली’ हे न घाबरता लिहिता आले पाहिजे, त्याच्या प्रशिक्षकानेही ते लिहू दिले पाहिजे.

मे 2023 मध्ये बेळगावजवळ होन्निहाळच्या शेतात उतरलेले शिकाऊ विमान या दोन्हींत बसत नाही. ते आपत्कालीन लँडिंग होते.

तेव्हा पुढच्या वेळी ‘अवघ्या 300 फुटांवरून गेली’ असे वाचाल तर आधी बघा, दोन्ही विमाने उपकरणांवर उडत होती की एक डोळ्यांनी. मग बघा, दोघांना एकमेकांची माहिती दिली होती का, टीकासने आदेश दिला का, कुणाला विमान वळवावे लागले का. बातमीत यातले काहीच नसेल तर 300 या आकड्यावरून धोका किती होता ते ठरत नाही. त्यासाठी तपासाच्या अहवालातली श्रेणी शोधावी लागेल.