मेन.सीपीपी कशी फुटली: बिटकॉइन नोडमधल्या नेटवर्किंग कोडची पार्श्वभूमी

बिटकॉइन कोअर म्हणजे बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअर; ते चालवणारा प्रत्येक संगणक म्हणजे एक नोड. त्याचा कोड पहिल्यांदा उघडणाऱ्याला नेट.सीपीपी आणि नेट_प्रोसेसिंग.सीपीपी अशा दोन फाइली दिसतात आणि तो चक्रावतो. नेटवर्किंगच्या एकाच कामाला दोन घरं कशाला?

२००९ साली सातोशी नाकामोतोने दिलेल्या पहिल्या आवृत्तीतही नेट.सीपीपी होती. सॉकेट (दुसऱ्या संगणकाशी जोडणी) उघडायचे, बाइट आत घ्यायचे, बाहेर पाठवायचे, एवढं तिचं काम. त्या बाइटचा अर्थ लावणं मात्र मेन.सीपीपीत होतं आणि तिथेच ब्लॉकची तपासणी, वॉलेट, मायनिंग असा सगळा संसार. 'माझ्याकडे अमुक ब्लॉक आहे' असं सांगणारा 'इन्व्ह' मेसेज वाचणारं फंक्शन आणि तो ब्लॉक नियमांत बसतो का हे ठरवणारं फंक्शन एकमेकांच्या शेजारी. दोघांना लॉकही (एका वेळी एकालाच आत जाऊ देणारं कुलूप) एकच, सीएस_मेन.

ही गाठ सोडवायला कुणी धजावत नव्हतं, आणि ती भीती खोटी नव्हती. फेब्रुवारी २०१३ मध्ये ०.८ आवृत्तीने बर्कली डीबी हा डेटाबेस सोडून लेव्हलडीबी घेतला. कागदावर हा निव्वळ साठवणुकीचा बदल. पण मार्चमध्ये नव्या नोडने घेतलेला एक मोठा ब्लॉक जुन्या नोडना पचला नाही, कारण बर्कली डीबीची लॉकची मर्यादा ओलांडली गेली. काही तास साखळीच दुभंगली.

त्यामुळे २०१६ मधली फोड फार सावधपणे झाली. जोडलेल्या पिअरची (समोरच्या नोडची) यादी ग्लोबल होती, कुणीही कुठूनही हात घालावा अशी. कोरी फील्ड्सच्या कामाने ती सीकॉनमॅन या क्लासच्या आत गेली. डिसेंबरमध्ये मॅट कोरॅलोने मेन.सीपीपीचे व्हॅलिडेशन आणि नेट_प्रोसेसिंग असे दोन तुकडे केले. त्या पुल रिक्वेस्टचं (कोडमधल्या बदलाच्या प्रस्तावाचं) शीर्षक खुनाचा छडा लावायच्या बैठ्या खेळातल्या वाक्यावर बेतलेलं होतं, मेलेली व्यक्ती अर्थात 'मेन'. अशा कामात ओळी फक्त हलवायच्या, वागणूक बदलायची नाही. म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) ताडून पाहता येतो. मार्च २०१७ च्या ०.१४ मध्ये हे सगळं लोकांच्या हाती आलं.

पुढे ०.२१ मध्ये कोणता व्यवहार कोणत्या पिअरकडे कधी मागायचा, हा हिशेब पीटर वुइलेने वेगळ्या मॉड्यूलमध्ये नेला. त्या मॉड्यूलला आता नेटवर्कशिवाय एकट्याला टेस्ट करता येतं. खरं फळ दिसलं ते डिसेंबर २०२३ च्या २६.० आवृत्तीत. पिअरमधला संवाद एन्क्रिप्ट करणारा नवा ट्रान्सपोर्ट (मेसेजची बाइटमध्ये ने-आण करणारा भाग) आला, तो २४ बाइटच्या हेडरवाल्या जुन्या ट्रान्सपोर्टशेजारी नेट.सीपीपीत बसला. 'इन्व्ह' वाचणाऱ्या कोडला तो मेसेज कोणत्या वाटेने आला याच्याशी देणंघेणं उरलं नव्हतं.

नेट_प्रोसेसिंग आजही हजारो ओळींची आहे, आणि सीएस_मेन तिच्यात जागोजागी भेटतो.