लिनक्स स्मार्टफोन : दैनंदिन वापर

कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अँड्रॉइडमध्येही लिनक्सचाच असतो. ‘लिनक्स फोन’ म्हणतात तो मात्र वेगळा: त्यावर डेबियन किंवा अल्पाइनसारखी संगणकावरचीच प्रणाली असते, तीच पॅकेजेस, तेच टर्मिनल आणि वर फॉश किंवा प्लाझ्मा मोबाइलसारखा छोट्या पडद्याचा इंटरफेस. पाइन६४चा पाइनफोन आणि प्युरिझमचा लिब्रेम ५ यासाठीच घडवले गेले. भारतात सोपा पडतो तो जुना हँडसेट. २०१८च्या पोको एफ१ आणि वनप्लस ६ या स्नॅपड्रॅगन ८४५च्या फोनांवर पोस्टमार्केटओएस ही अल्पाइनवर आधारलेली प्रणाली बऱ्यापैकी चालते.

उबुंटू टच हा दुसरा मार्ग. २०१७मध्ये उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने तो सोडला आणि यूबीपोर्ट्स या समुदायाने हाती घेतला. हॅलियम या जोड-थराच्या आधारे तो फोनचा मूळ अँड्रॉइड कर्नल आणि ड्रायव्हर वापरतो. त्यामुळे कॅमेरा सहसा चालतो, पण कर्नल जुनाच राहतो. मेनलाइन, म्हणजे मूळ प्रकल्पाच्या ताज्या लिनक्स कर्नलवर नेमके उलटे: अद्ययावतता मिळते, कॅमेऱ्यावर मात्र अनेकदा पाणी सोडावे लागते.

पोको एफ१वर पोस्टमार्केटओएस बसवताना आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो. यात फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. मग संगणकावर पीएमबूटस्ट्रॅप हे पोस्टमार्केटओएसचे साधन चालवून फोनवर टाकायची इमेज तयार करायची. लोक अडकतात ते इथे: या मॉडेलमध्ये तियान्मा आणि ईबीबीजी या दोन कंपन्यांचे पडद्याचे पॅनेल आले आणि दोघांचे कर्नल-पर्याय वेगळे आहेत. चुकीचा निवडला तर फोन सुरू होऊनही पडदा काळाच राहतो. फोन बिघडलेला नसतो. दुसरा पर्याय घेऊन फास्टबूटने (संगणकावरून यूएसबीने फोनवर प्रणाली लिहिणाऱ्या साधनाने) पुन्हा फ्लॅश करावे. डीटीबीओ हे हार्डवेअरची माहिती ठेवणारे विभाजन पुसायचे राहिले तरीही बूट अडते.

रोजच्या वापराचा खरा कस लागतो कॉलवर. जिओचे जाळे केवळ ४जी आणि त्यापुढचे; तिथे व्होल्टे (४जीवरून कॉल करण्याची सोय) नसेल तर डेटा चालतो, साधा कॉल लागत नाही. एअरटेलने ३जी २०२०पर्यंत बंद केले, पण २जी ठेवले. त्यामुळे व्होल्टे नसलेला फोन कॉलसाठी २जीवर उतरतो आणि बोलणे संपेपर्यंत इंटरनेट थांबते. पाइनफोनच्या क्वेक्टेल ईजी२५-जी मोडेममध्ये व्होल्टेची सोय आहे. एटी आदेशांनी (मोडेमला थेट दिलेल्या सूचनांनी) व्होल्टेसाठी लागणारे आयएमएस चालू करायचे, आपल्या कंपनीच्या जाळ्याशी जुळणारी एमबीएन प्रोफाइल निवडायची आणि मोडेम रीस्टार्ट करायचा. फोन घेण्याआधी त्या मॉडेलच्या विकी पानावर कॉलची नोंद पाहावी आणि व्होल्टे चालते का हे वेगळे तपासावे. कॉलपुढे बरोबरची खूण दिसली म्हणून व्होल्टे गृहीत धरू नये.

दुसरी अडचण झोपेची. पाइनफोन जागा ठेवला तर बॅटरी काही तासांतच उतरते, म्हणून क्रस्ट हे फर्मवेअर मुख्य प्रोसेसर झोपवते आणि मोडेम तेवढा जागा राहतो. कॉल आला की मोडेम प्रोसेसरला उठवतो, पण यात काही सेकंद जातात. समोरच्याला रिंग ऐकू येत असते, इकडे पडदा अजून उजळलेला नसतो. वायफायवरचे चॅट संदेश झोपेत येत नाहीत, जाग आल्यावर एकदम कोसळतात. गजराचे ॲप आरटीसीमार्फत (फोनमधल्या कायम चालू घड्याळामार्फत) फोन उठवणारे नसेल तर सकाळचा गजर वाजतच नाही. माइक, मोडेम किंवा कॅमेरा अचानक गेला तर सॉफ्टवेअर उकरण्याआधी पाइनफोनचे मागचे झाकण काढून हे भाग बंद-चालू करणारे सहा बारीक स्विच पाहावेत, तिसरा माइकचा. सहावा बंद असेल तर हेडफोनचे भोक सीरियल पोर्ट (तांत्रिक तपासणीची जोडणी) बनते आणि आवाज येत नाही.

अँड्रॉइड ॲपसाठी वेड्रॉइड आहे. ते कंटेनरमध्ये, म्हणजे प्रणालीतल्या वेगळ्या कप्प्यात, लिनिएजओएस ही अँड्रॉइडची आवृत्ती चालवते. २ जीबी रॅमवर रखडते. यूपीआय मात्र त्यात जमत नाही. नोंदणीसाठी ॲपला त्याच फोनच्या सिममधून एसएमएस पाठवायचा असतो आणि कंटेनरला सिम दिसत नाही. शिवाय काही ॲप प्रमाणित उपकरणाचीही खातरजमा करतात. ओटीपी साध्या एसएमएसने येतो, त्यामुळे ब्राउझरमधून नेट बँकिंग होते. भाजीवाल्याकडे क्यूआर स्कॅन करायचा तर दुसरा फोन किंवा रोकड जवळ ठेवावीच लागते.

मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसले तर अल्पाइनवर नोटो देवनागरी आणि डेबियनवर लोहित फाँटचे पॅकेज टाकावे. स्क्वीकबोर्ड या पडद्यावरच्या कळफलकात हवी तशी कळरचना नसेल तर यामल या साध्या मजकूर-फाइलमध्ये स्वतः लिहिता येते. जोडाक्षरांसाठी हलन्त पहिल्याच पानावर ठेवावा, शिफ्टमागे लपवला तर टंकताना जीव मेटाकुटीला येतो.