गाडी आणायच्या आधी चेक इंजिन लाइट पुसू नका (व्हॅक्युम लीकची, म्हणजे फटीतून इंजिनमध्ये जास्तीची हवा शिरण्याची तक्रार असलेल्या ग्राहकांसाठी)

गाडी उभी असताना इंजिन थरथरतंय, रेस आपोआप वर-खाली होतेय, बोनेटमधून बारीक सुस्स आवाज येतोय, आणि रस्त्यावर वेग घेतला की सगळं जवळपास ठीक. पेट्रोल एसयूव्ही घेऊन येणारे बरेच जण हेच सांगतात. आणि त्यातले निम्मे तरी येण्याआधी घरीच स्वस्तातल्या स्कॅनरने कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) पुसून येतात, नाहीतर "बॅटरीची तार काढून परत लावली, लाइट गेली" असं खुशीत सांगतात. लाइट जाते हो, पण पाइपाची चीर तिथेच असते, आणि ती शोधायला आम्हाला जी माहिती लागते तीच नेमकी पुसली जाते.

थोडं समजून घ्या म्हणजे आम्ही का कुरकुरतो ते कळेल. बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे एक सेन्सर असतो, तो आत जाणारी हवा मोजतो आणि त्या हिशोबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. आता त्या सेन्सरच्या पुढे कुठे होज (रबरी पाइप) तडकला, मॅनिफोल्डचं (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट खराब झालं, किंवा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडाच अडकला तर न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ (लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, आणि पी ०१७१ कोड येतो (व्ही इंजिन असेल तर दुसऱ्या बाजूचा पी ०१७४). कॉम्प्युटर मग जास्त पेट्रोल देऊन भरपाई करत राहतो, आणि ती भरपाई किती टक्के चाललीय ते फ्युएल ट्रिम म्हणून नोंदवून ठेवतो. आमचं अर्धं काम त्या आकड्यावर असतं. आयडलिंगला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ३ दिसलं की लीकचा संशय पक्का, कारण आयडलला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो, ओढ (व्हॅक्युम) सगळ्यात जास्त असते, आणि एकूण हवा कमी असल्याने चोरून येणारी हवा मोठा हिस्सा होते. आकडा उलट रेसबरोबर चढत गेला तर मात्र लीक सोडून पेट्रोल पंप, फिल्टर किंवा मळलेला हवेचा सेन्सर बघावा लागतो.

कोड पुसला किंवा बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत हा शिकलेला आकडा शून्यावर येतो. कोड आला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती रेस होती, ही नोंदही जाते. मग आम्हाला गाडी पुन्हा चालवून कोड परत यायची वाट बघावी लागते, आणि बऱ्याच गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसल्याशिवाय लाइट लागतच नाही. यात तुमची गाडी विनाकारण एक दिवस जास्त अडकते. म्हणून लाइट लागलेलीच असू द्या, तशीच आणा. फक्त ती लुकलुकत असेल तर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) जोरात चाललंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) खराब होऊ शकतो, तेव्हा चालवत न आणता फोन करा. ब्रेकचा पेडल कडक लागत असेल तरी चालवू नका, ब्रेक बूस्टरचा (पेडल हलका करणाऱ्या भागाचा) पाइपही याच व्हॅक्युमवर चालतो.

घरी बघायचंच असेल तर ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक नीट बसलीय का, एअर फिल्टरच्या डब्यापुढच्या जाड पाइपाची क्लिप सुटली नाही ना, एवढं बघा, कधीकधी तेवढ्यावरच भागतं. चालू इंजिनवर कार्ब क्लीनर मारून लीक शोधायचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, पण तो स्प्रे पेट घेतो आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो, कृपा करून नका करू. चीर दिसली म्हणून सिलिकॉनही थापू नका, काही सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते.

तपासणीचे पैसे वेगळे का, हे सगळेच विचारतात. आम्ही अंदाजाने पार्ट बदलत नाही म्हणून. कोडमध्ये "लीन" आलं की ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकायची पद्धत आहे, पण बिचारा सेन्सर बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. आम्ही इनटेकमध्ये (हवा आत जाण्याच्या वाटेत) अगदी कमी दाबाने धूर सोडतो आणि तो बाहेर पडतो ती जागा तुम्हाला डोळ्यांनी दाखवतो, मगच कामाला हात. शक्यतो गाडी आदल्या संध्याकाळी सोडा, कारण गार इंजिनमध्ये रबर आणि प्लॅस्टिक आकसलेलं असतं, गरम झाल्यावर काही फटी आपोआप मिटतात आणि सापडत नाहीत. एक होज गेला असेल तर त्याच वयाचे शेजारचे होजही दाबून बघतो, कडक झालेले दाखवतो. ते त्याच वेळी बदलले तर उघडझाकीची मजुरी वाचते, पण ठरवायचं तुम्हीच.

काम झाल्यावर कोड आम्हीच पुसतो आणि आधीचे-नंतरचे ट्रिमचे आकडे बिलावर लिहून देतो, जुना पार्टही परत मिळतो. त्यानंतर थोडे दिवस कॉम्प्युटर नव्याने शिकत असतो, तेवढ्यात आयडलिंग जरा इकडेतिकडे वाटलं तर घाबरू नका. आठवडाभर चालवूनही थरथर राहिली तर काही न पुसता परत आणा, तीच तक्रार असेल तर तपासणीचे पैसे पुन्हा घेत नाही.